तो मंत्रचळ नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझी नात दोन वर्षं चार महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या प्लेग्रुपमधून सुनेला फोन आला, हिला घेऊन जा, पाऊण तास झाला रडतेय. कारण काय, तर खिडकीजवळच्या तिसऱ्या हुकावर असणारी तिची पाण्याची बाटली मावशींनी झाडताना काढून टेबलावर ठेवली होती. बाटली हातात दिली, मांडीवर घेतलं, बिस्कीट पुढे केलं, तरी रडं थांबेना. सून पोचली तेव्हा तिथल्या बाईंनी तिला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "जरा ओसीडीसारखं वाटतंय हो. इथंही सगळ्यांच्या चपला सरळ करत बसते. बोटाला रंग लागला की लगेच 'पूस, पूस'. एकदा दाखवून घ्या कुणाला तरी."

त्या रात्री सून मोबाईलवर वाचत बसली. सकाळी डोळे सुजलेले. मला म्हणाली, "आई, तुम्ही इतकी वर्षं मुलांत काढलीत. माझ्यासाठी गोड बोलू नका, खरं सांगा." तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या आणखी दोन आयांनी नंतर तिला मेसेज केले, की आमच्याकडेही असंच चाललंय, कुठल्या डॉक्टरकडे जाणार आहेस?

मी १९८२ ते २०१७ डहाणू तालुक्यात बालवाडी चालवली. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. पण ओसीडीला, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा केल्याशिवाय चैन न पडण्याच्या या दुखण्याला, मराठीत एक जुना शब्द आहे, मंत्रचळ, आणि तो मी पुस्तकात वाचलेला नाही. आमच्या घरात तो राहत होता. माझी थोरली आत्या मंत्रचळी होती. विहिरीवरून भरलेली घागर घेऊन यायची, वाटेत कुणाची सावली पडली असं वाटलं की घागर ओतायची आणि पुन्हा विहिरीवर. वाण्याकडून आलेली नाणी धुवायची. मीठ धुता येत नाही म्हणून एकदा तिला रडताना मी पाहिलंय. पावसाळ्यात तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलवटायची. आपण करतो ते वेड्यासारखं आहे हे तिला कळत होतं. "मला थांबताच येत नाही गं वहिनी," असं ती माझ्या आईला म्हणायची, आणि आई तिच्या हातांना खोबरेल लावायची. त्या काळी आमच्या गावात याला औषध असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिची चेष्टा तेवढी झाली.

म्हणून दोन वर्षांच्या पोरीला कुणी तो शब्द, इंग्रजीत का होईना, सहज चिकटवला की माझ्या पोटात ढवळतं.

आत्याला शंभर वेळा धुऊनही समाधान मिळत नव्हतं. नातीला पहिल्याच फटक्यात मिळतं. दारातल्या चपला ती ओळीनं लावते, आजोबांच्या, बाबाच्या, आईच्या, माझ्या आणि शेवटी स्वतःच्या. पाहुण्यांच्या असतील तर त्या वेगळ्या, भिंतीकडे. मग दोन पावलं मागे सरकून बघते, "झालं" म्हणते आणि बाहुलीकडे निघून जाते. तिचं काम झालेलं असतं. आत्याचं काम जन्मभर झालं नाही.

तिचे बाकीचे कायदे सांगते. पोळी अख्खी पाहिजे, तुकडे तिच्यासमोर तीच करणार. केळं सोलताना मोडलं तर ते केळं उरत नाही, दुसरं आणा. चष्मा आजोबांचा, तो मी गंमत म्हणून डोळ्यावर चढवला तर चेहरा कोसळला. पेनाला टोपण हवं. हे पत्र लिहिताना चार वेळा येऊन तिनं ते बसवून दिलं, आता मी टोपण लावून विचार करते आणि काढून लिहिते. आमटीच्या वाटीचा डाग चटईवर पडला तर फडकं तीच आणते.

आता ही पोरगी स्वच्छतेची भोक्ती आहे असं तुम्ही म्हणाल. परवा तिनं सोफ्याखालून एक शेंगदाणा काढला. गणपतीतल्या चिवड्याचा असावा. वर केस चिकटलेला. तिनं केस बाजूला काढला, दाणा खाल्ला, आणि केस माझ्या हातात आणून दिला, कारण केस आज्जीचे असतात.

हीच गोष्ट मला सांगायची आहे. या वयातल्या मुलाला घाणीची भीती नसते, वस्तूची जागा चुकली की ते हलतं. बोटाला लागलेला रंग तिला घाण म्हणून नको नसतो, तो बोटाचा नाही म्हणून नको असतो. मोठ्यांना दोन्ही एकच दिसतात, कारण आपल्या डोक्यात टापटीप आणि शुद्धता कधीच्याच एकमेकींत विरघळल्यात.

इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी हे शंभर वर्षांपूर्वी टिपून ठेवलं. १९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपलं पहिलं बालघर उघडलं. (याच बाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे बरीच वर्षं भारतातच अडकल्या.) त्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रशिक्षणात आम्ही ऐकली होती. फिरायला निघालेल्या मंडळींत एक बाई होती, बरोबर दीड वर्षांचं मूल. चालून उकडलं म्हणून बाईनं अंगातला कोट काढून हातावर घेतला. मूल रडायला लागलं. ह्यानं उचललं, त्यानं उचललं, आईनं घेतलं, रडं वाढतच गेलं. मॉन्टेसरीबाईंनी आईला कोट परत अंगात घालायला सांगितलं आणि मूल क्षणात गप्प झालं. कोट अंगात असतो, हातावर नसतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. साधारण पहिल्या वर्षापासून तिसऱ्यापर्यंत मुलाला ही क्रमाची भूक असते, असं त्या म्हणत.

प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मला ती गोष्ट जरा बनवल्यासारखी वाटली होती. नंतर माझ्या बालवाडीत एक मडकं हललं.

पावसाळा होता. छपराची दोन कौलं सरकली होती आणि पाण्याच्या मडक्यावर धार लागली होती, म्हणून मी सकाळी मडकं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. वरचं झाकण, ओगराळं, सगळं होतं तसंच. एक अडीच वर्षांचा मुलगा बहिणीच्या कडेवर बसून यायचा. त्या दिवशी दारातच ताठ झाला. आत यायला तयार नाही, खाली उतरायला तयार नाही. बहिणीला वाटलं पोट दुखतंय. मला वाटलं पावसात भिजलाय. गोष्ट सांगून पाहिली, शिंपल्यांची टोपली आणली. तो नुसता जुन्या कोपऱ्याकडे बोट करत होता आणि माझं लक्षच नव्हतं. चांगला अर्धा तास गेला. शेवटी त्याच्या बोटाच्या दिशेनं बघितलं तर तिथे ओल्या जमिनीवर मडक्याचा गोल उमटलेला. मी मडकं परत तिथे ठेवलं, वरून धार लागते म्हणून बाजूला पातेलं लावलं. तो उतरला, ओगराळ्यानं पाणी घेतलं, प्यायला आणि आपल्या जागी जाऊन बसला. दिवसभर पातेल्यात टप टप चालू होतं. त्याला त्याचं काही नव्हतं. पातेलं तर नवीन होतं, त्याची जागा अजून ठरायची होती.

त्या मुलाला घड्याळ कळत नव्हतं. सोमवार-मंगळवार कळत नव्हते. मला त्याची भाषा निम्मी समजायची आणि त्याला माझी त्याहून कमी. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की बहिणीची कड, मग बांध, मग दार, मग मडकं. मडकं जागेवर नसेल तर आपण आलोय कुठे? आपल्यापैकी कुणी रात्री उठून दिव्याच्या बटणाकडे हात न्यावा आणि तिथे सपाट भिंत लागावी, तसं ते असणार.

आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलोच, सुनेच्या समाधानासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्याही. त्यांनी नातीला खोलीत मोकळं सोडलं आणि आमच्याशी बोलत बोलत तिच्याकडे बघत राहिले. प्रश्न विचारले. नावानं हाक मारली की वळते का? हवं ते बोटानं दाखवते का, नुसतं मागायला नव्हे, तर 'ते बघ' म्हणून? दोन दोन शब्द जोडून बोलते का? खोटं खोटं जेवण भरवते का? आधी बोलत होती आणि आता थांबली, असं काही झालंय का? झोप, खाणं, इतर मुलांकडे बघणं, सगळं विचारलं. मग म्हणाले, रांगा लावणं एकटं असेल तर त्याची काळजी नको. अमेरिकेत नव्वदच्या दशकात आईवडिलांना प्रश्नावल्या देऊन झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की 'अस्संच पाहिजे' हा हट्ट दोन ते चार या वयात सगळ्यांत जास्त असतो आणि पुढे आपोआप ओसरतो. बोलणं मागे असेल, नजर देत नसेल, बोटानं दाखवत नसेल, किंवा क्रमापायी खाणं-झोपणं-खेळणं बंदच पडत असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता दाखवायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर माझ्या पत्राचा आधार घेऊन कुणी खरोखर दाखवायला हवं असलेलं मूल घरी ठेवेल. त्यासाठी खाजगी दवाखान्याचे पैसे लागतातच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि विकासात मागे पडलेली मुलं पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तो कार्यक्रम २०१३ मध्ये आमच्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यामुळे मला त्याचा जरा अभिमानही आहे.

आता ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांच्याकडे वळते.

मुलाचा एक मित्र घरी आला होता. चांगला शिकलेला, चांगल्या पगाराचा. नातीच्या चपलांचं कौतुक ऐकून त्यानं मोबाईल काढला आणि रांगेतली एक चप्पल पायानं उलटी केली. तिनं सरळ केली. त्यानं पुन्हा उलटी केली. तिनं पुन्हा सरळ केली, पण हात थरथरायला लागले होते. तिसऱ्यांदा ती रडली, आणि तो म्हणाला, "बघ बघ, एकदम पर्फेक्ट रील झालं." मी पाहुण्याला बोलू नये ते बोलले. मुलगा माझ्यावर दोन दिवस रुसला होता. असे किती व्हिडिओ आपण फॉरवर्ड करतो आणि खाली हसण्याचे पिवळे गोळे टाकतो, ते जरा बघा. मोठ्या माणसाच्या खिशातून किल्ली काढून दर वेळी दुसरीकडे लपवली आणि तो घामाघूम झाल्यावर हसलो, तर त्याला आपण गंमत म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे, हेच वागणं मुलीचं असलं की "मुलीची जात, बघा कशी उपजतच टापटीप!" आणि मुलाचं असलं की "हा काय बायकी नाद!" समोरच्या इमारतीतला एक तीन वर्षांचा मुलगा भाजीवाल्याच्या गाडीवर टोमॅटो एका रेषेत लावतो. भाजीवाल्याला ते आवडतं. आजीला आवडत नाही, ती त्याला ओढून नेते. पस्तीस वर्षांत मला तरी मुलगे आणि मुली यात फरक दिसला नाही. फरक चौथ्या-पाचव्या वर्षी दिसायला लागतो, कारण तोवर मुलग्यांच्या हातातलं फडकं आपण काढून घेतलेलं असतं.

आणि तिसरं. हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला एक ताई येतात. ती बेल नातीची. क्रम ठरलेला, आधी हिरवी बादली, मग निळी. दोन्ही तिच्या उंचीच्या मानानं जड, तरी ती फरपटत नेते आणि ताईंच्या हातात देते. ताईही तिच्यासाठी थांबतात, "दे माझी बाय" म्हणतात. एकदा लिफ्टसाठी उभ्या असलेल्या एका बाई मायेनंच म्हणाल्या, "छी छी बाळा, त्यांना हात नाही लावायचा हं. घाण असते." कचऱ्याला म्हणाल्या असत्या तर मी समजून घेतलं असतं. त्या 'त्यांना' म्हणाल्या. ताईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. त्यात त्यांचा हातखंडा आहे, असायलाच लागतो.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. नातीनं बादली दारातच ठेवली, हात पाठीमागे नेला आणि म्हणाली, "छी." बादलीकडे बघून नव्हे.

सोफ्याखालचा दाणा खाणारी ही पोर. तिला ती किळस कुठून आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तारीखवार. माझी आत्या ज्या सावलीला भ्यायची, ती सावलीही तिला कुणीतरी अशीच मायेनं दाखवली असणार.

मला आमच्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीची आठवण झाली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वस्तीतल्या मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केसांना तेल लावून विंचरणं हे तिथं शिकवण्याच्या आधीचं काम होतं, आणि ते शिक्षिका स्वतःच्या हातानं करायच्या. मॉन्टेसरीबाईंची लाकडी साधनं महाग म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं तेच ओळीनं लावायची, लहान ते मोठं, फिकं ते गडद. आम्ही पुढच्या पिढीच्या बायका तेच करत आलो. शिवायचं नाही असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्याच मुलांच्या डोक्याला हात लावून स्वच्छता शिकवायची, ही त्यातली खरी गोष्ट होती.

नातीला मी काही भाषण दिलं नाही. ताईंना बादली मी देऊ लागले. मी बावळटासारखी निळी आधी द्यायचे. पहिल्या दिवशी ती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कपाळाला आठी पडली. तिसऱ्या दिवशी "आज्जी, हिलवी!" असं ओरडत आली, मला बाजूला ढकललं आणि हिरवी बादली ताईंच्या हातात दिली. ताई हसल्या. मी नाही हसले, मला आत जावं लागलं.

प्लेग्रुपच्या बाईंशी सून बोलायला गेली तेव्हा मीही गेले. बाई वाईट नाहीत. चौदा मुलं, दोन मावशी, भाडं वाढतंय, आणि दर पंधरा दिवसांनी कुठली तरी नवी चेकलिस्ट मोबाईलवर येते. त्यांना मी एवढंच म्हटलं, तुम्ही मुलांचं बघून आम्हाला सांगितलंत हे बरं केलंत, फक्त आजाराचं नाव डॉक्टरांना देऊ दे. आणि मावशींना सांगा, वस्तू हलवायची असेल तर मुलाला दाखवून हलवायची. 'आता ही बाटली इथे ठेवतेय हं, झाडून झालं की परत तिथे.' मूल तेवढं ऐकून घेतं. घर बदलताना, पाळणाघर बदलताना, आईची ड्यूटी बदलताना आपण मोठ्यांना चार वेळा सांगतो आणि मुलाला एकदाही नाही.

आमच्या घरी आम्ही फार काही केलेलं नाही. दाराशी तिच्या छातीएवढ्या उंचीवर दोन हुक ठोकले, एक टोपीला, एक पिशवीला. फडक्याला मोरीजवळ खिळा. पाहुणे येणार असले की आधी सांगतो, आज भिंतीकडे पुष्कळ चपला येणार. तरी आठवड्यातून दोनदा रडारड होते. परवा आजोबांनी मिशी काढली, तेव्हा तर विचारू नका. आता ते पुन्हा वाढवतायत.

प्लेग्रुपमध्ये बाईंनी प्रत्येक हुकाखाली एकेक चित्र चिकटवायचं ठरवलं आहे. तिसऱ्या हुकाखाली नातीनं मांजर निवडलं. चौथ्यावर ज्याची बाटली असते त्या मुलालाही मांजरच हवं होतं, त्यावरून बरंच झालं. शेवटी त्याला दुसरं मांजर मिळालं, काळं. सोमवारपासून चित्रं लागणार आहेत.

नातीची आणि प्लेग्रुपची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
सिंहगड रस्ता, पुणे